गव्हाणीची होडी

नोकरीतली माझी सगळ्यात मोठी फजिती एका म्हशीच्या गव्हाणीमुळे झाली, आणि आजही छाती फुगवून सांगावा असा विजयही त्याच गव्हाणीने मिळवून दिला. ती गव्हाण म्हणजे एक होडी होती. एका माणसाची, पिवळ्या फायबरची, दोन्ही टोकांना निमुळती. होडीची गव्हाण कशी झाली आणि गव्हाणीची पुन्हा होडी कशी झाली हे सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. आणि माझं काम सांगायला लागलो की निम्मे लोक हसतात आणि उरलेले विषय बदलतात, ही माझी जुनी अडचण आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात सगळे मला डॉक्टर म्हणत, खरे डॉक्टर तालुक्याला बसत. लस टोचणं, जखमा बांधणं, अडलेलं वासरू सोडवणं हे सगळं होतंच, पण रोजचं काम कृत्रिम रेतनाचं. म्हणजे चांगल्या जातीच्या रेड्याचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये गोठवून आमच्याकडे येतं, आणि माजावर आलेल्या म्हशीला ते योग्य वेळी द्यायचं. ही कांडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडालेली असली तर वर्षानुवर्षं टिकते. बाहेर उघड्यावर राहिली की काही क्षणांत संपली. म्हणून आम्ही जिथे जातो तिथे नायट्रोजनचा कॅन बरोबर न्यावा लागतो.

या कॅनच्या खोडी माझ्याइतक्या कोणाला माहीत नसतील. तो उंच असतो, गळ्याशी बारीक आणि बुडाशी गोल. त्याचं झाकण सैलच ठेवावं लागतं, कारण आतला नायट्रोजन सतत उकळत असतो आणि घट्ट बंद केला तर कॅन फुटतो. म्हणजे कॅन उभाच राहिला पाहिजे. कलंडला की सगळं सांडलं. मोटारसायकलला मी त्याच्यासाठी बाजूला लोखंडी कडं लावून घेतलं होतं आणि खड्डा आला की स्वतःच्या कमरेपेक्षा त्याची काळजी करायचो.

आमचा दवाखाना कळमनुरी तालुक्यात ईसापूर धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे आणि उंबरवाडी पलीकडे. दवाखान्याच्या ओट्यावरून वाडीतली झाडं ओळखू यायची. पण पावसाळ्यात पाणी नाल्यांत शिरलं की पार उन्हाळ्यापर्यंत गाडीवाट बुडायची, आणि मग थेट हमरस्त्यापर्यंत मागे जाऊन मोठा वळसा घ्यावा लागायचा. शेवटच्या चिखलातून पिकअप कशीबशी निघायची, मोटारसायकल नाही, म्हणून तो तुकडा मला पायीच. मासेमारीवाल्यांकडे थर्माकोलचे तराफे होते, पण त्यांच्या वेळा जाळ्याच्या, माझ्या वेळा म्हशीच्या. दोन्हींचा मेळ कधी बसला नाही.

म्हशीच्या वेळेचं सांगतो. गाय माजावर आली की गावभर कळतं. म्हैस मात्र पुष्कळदा काहीच बोलत नाही, याला आम्ही मुका माज म्हणतो. घास थोडा टाकते, शेपूट जरा वर धरते, एवढंच. हे ओळखायला मालक जागा पाहिजे, आणि ओळखल्यावर डॉक्टर वेळेत पाहिजे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत कांडी भरली पाहिजे. त्यानंतर केलेलं काम फुकट, आणि म्हैस तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. त्याला उलटणं म्हणतात.

उंबरवाडीच्या गयाबाईंची म्हैस दोनदा उलटली होती. गयाबाई साठीच्या पुढच्या, अंगाने काटक, बोलायला तिखट. घरी एकच म्हैस, कोळशासारखी काळी आणि नाव चांदी. मुलगा दिगंबर पिकअप चालवायचा. आईची माया त्याला कळत होती, पण भाकड जनावराला वैरण घालणं त्याला पटत नव्हतं, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. दोन्ही वेळा गयाबाईंनी माज बरोबर ओळखला होता. दोन्ही वेळा मी वळशाच्या रस्त्याने उशिरा पोचलो होतो.

दुसऱ्यांदा उलटल्यानंतर मी चांदीला तपासायला गेलो. गर्भाशय निरोगी होतं, दोष फक्त रस्त्याचा होता. हात धुता धुता माझी नजर गव्हाणीवर गेली. निम्मी मातीत रुतलेली, आत कडब्याचा चुरा. या गव्हाणीशेजारी मी कितीदा उभा राहिलो असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिचं टोक नीट पाहिलं.

"मावशी, ही तर होडी हाय," मी म्हणालो.

"व्हय. धरनावर कोनी तरी सहलीच्या लोकायसाठी आनल्या व्हत्या," गयाबाई म्हणाल्या. "धंदा बसला, मानसं निघून गेली, होड्या राह्यल्या. एक आमी आनली. गव्हान झाक झाली."

"मला द्या ही."

"अन् माह्या चांदीनं काय भुईवर खावं?"

मी त्यांना पाण्याकडे बोट दाखवून समजावलं. त्यांनी चांदीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "न्या. पर आयका, डाक्टरसाहेब. म्हशीची गव्हान नेऊन राह्यलात, तर म्हैस गाभन करून द्याची. न्हाई तर गव्हान बी गेली अन् म्हैस बी."

दिगंबर पिकअपला टेकून हे ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, "आजून एकडाव उलटली की मी तिला गाडीत चढवतो. बाजारात एक जन इचारून राह्यला. मंग रडायचं न्हाई, माय."

असा सौदा झाला. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

होडी धुऊन पुसून पाण्यात घातली, एक वल्हं करवून घेतलं आणि आठ-पंधरा दिवसांत काठाकाठाने मला ती सरळ नेता यायला लागली. रिकामी होडी नेता आली म्हणजे सामान घालूनही नेता येईल, असं मी धरून चाललो. इथेच घोटाळा झाला. मी शेतकऱ्याचा मुलगा. माल लादायचा म्हटलं की माझ्या डोक्यात बैलगाडी येते. गाडीत माल पुढच्या बाजूला थोडा जड ठेवतात, नाहीतर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे झुकते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. आणि माल वर वर रचत न्यायचा, शेवटी वरून दोर आवळायचा. बापाने शिकवलेली ही विद्या मी होडीवर जशीच्या तशी चालवली. दवाखान्याची लोखंडी पेटी नाकाडात, तिच्यावर चामडी बॅग, आणि पाणी लागू नये म्हणून सगळ्यात वर कॅन. वरून दोर, तोही गाठ मारून. पायात सरकारी गमबूट. काठावर उभं राहून मी एकदा सगळ्याकडे पाहिलं आणि मला ते फार छान दिसलं.

चांदीच्या माजाचा फोन आला होता. गयाबाई पलीकडच्या काठावर उभ्या होत्या, त्यांच्या लुगड्याचा लाल रंग मला दिसत होता. मी निघालो. जड नाक पाण्यात खुपसून होडी उजवीकडे ओढायला लागली. मी वल्ह्याने डावीकडे ओढलं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, नुसती झुळूक, आणि वर रचलेला सगळा डोलारा एका बाजूला झुकला. मी त्याला धरायला हात लांबवला, आणि मग होडी, पेटी, बॅग, कॅन आणि पशुधन पर्यवेक्षक असे सगळे मिळून पाण्यात गेलो.

पाणी छातीएवढंच होतं. पण गमबूट भरले आणि पाय उचलता येईनात. कॅनमधला नायट्रोजन पाण्यावर सांडला आणि पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट उठला की जाळं टाकत असलेले लोक तराफे घेऊन धावत आले. त्यातल्या एकाने मला बाहेर ओढलं आणि धुराकडे बघत विचारलं, "डाक्टरसाहेब, पान्याला आग लावली का काय?"

ते बरेच दिवस हसत होते. मला हसू येत नव्हतं. नायट्रोजन गेला म्हणजे त्यातल्या मुऱ्हा रेड्याच्या कांड्याही गेल्या, आणि त्या मी खटपट करून मिळवल्या होत्या. पलीकडचा लाल ठिपका तसाच उभा राहिला, मग हळूहळू वाडीकडे वळला. मला फार लाज वाटली. संध्याकाळी दिगंबरचा फोन आला. तो ओरडला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, "आता काय करावं, तुमीच सांगा." मी म्हणालो, "ही खेप गनतीत धरू नको. कांडी भरलीच न्हाई तर उलटायचा प्रश्न कुठं येतो? एक डाव दे." तो म्हणाला, "एक डाव देतो. पर एकच."

दुसऱ्या दिवशी मी उथळ पाण्यात होडी घेऊन बसलो आणि सामानाऐवजी दगड घेतले. दगड पुढे ठेवले, मागे ठेवले, एकावर एक ठेवले. पुढे जड केलं की होडी नाक खुपसून भलतीकडे वळते. मागे जड केलं की नाक वर येतं आणि वारा त्याला धरून फिरवतो. दगडांवर दगड रचले की श्वास घेतला तरी होडी डुलते. दोन्हीकडे सारखं, आणि सगळं तळाशी पसरलेलं, तेव्हा मात्र ती सुतासारखी सरळ गेली. म्हणजे बापाची विद्या जमिनीसाठी होती. पाण्यावर तिच्या बरोबर उलट करायचं होतं.

मग प्रश्न आला बॅगेचा. लोखंडी पेटी बाद, तिच्या कोपऱ्यांनी होडीला ओरखडे काढले होते आणि तिचं वजनच सामानाएवढं होतं. चामडी बॅग उभी राहते, म्हणून तीही बाद. बाजारात मिळणाऱ्या पाठीवरच्या बॅगा शाळेतल्या पोरांच्या पाठीसाठी असतात, होडीच्या तळासाठी नाही. तेव्हा मी वारंगा फाट्याला खाजाभाईंकडे गेलो. खाजाभाई ट्रकच्या ताडपत्र्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचे. माणूस चिकट, पण हात देवाने दिलेला.

"होडीत ठेवायची बॅग शिवायची हाय," मी म्हणालो.

"होडी किधर है?"

"धरणावर. आधी गव्हाण होती."

खाजाभाईंनी मशीन थांबवलं. "डाक्टरसाब, गाडी बघितल्याबगैर मी सीट शिवत न्हाई. होडी हितं आना."

मला वाटलं गंमत करत आहेत. पण ते खरोखरच अडून बसले. शेवटी टेम्पोत घालून मी होडी वारंगा फाट्याला आणली. हमरस्त्याच्या कडेला, दुकानासमोर, ती उतरवली. ट्रकवाले थांबून बघायला लागले. एकाने फोटो काढला, एकाने पूर कुठे आलाय म्हणून विचारलं. खाजाभाईंनी मला होडीत बसवलं, हातात वल्हं दिलं आणि म्हणाले, "चलाव."

"रस्त्यावर?"

"तुमचा हात कुठपर्यंत जातो ते मला दिसलं पायजे ना. चलाव."

मी डांबरावर वल्हं मारायला लागलो. आयुष्यात माझ्या हातून पुष्कळ विचित्र कामं झाली आहेत, कोपरापर्यंत हात घालून केलेली, पण तेवढी गर्दी कधीच जमली नव्हती. खाजाभाई खडू घेऊन वाकले आणि माझं कोपर जिथे येतं तिथे खूण केली. गुडघे जिथे येतात तिथे दुसरी खूण. मग पट्टी लावून काठाची उंची मोजली.

"बॅग काठाच्या वर यायची न्हाई," ते म्हणाले. "वर आली की हवा धरनार. अन् तुमच्या कोपराला लागायची न्हाई. लागली की तुमी चिडनार, चिडला की पलटनार."

"मी चिडत नाही."

"उस दिन धुवां निकला न पानी में. सगळ्या फाट्याला मालूम हाय."

एक मोठी बॅग की दोन लहान, यावर आमचं बराच वेळ भांडण झालं. त्यांचं म्हणणं एकच शिवू, शिवण कमी, पाणी शिरायला जागा कमी. माझं म्हणणं दोन पाहिजेत, एक पुढे, एक मागे, सारख्या वजनाच्या. शेवटी मी दुकानातले दोन पाने आणि एक जॅक उचलून होडीत इकडे तिकडे ठेवून दाखवले. रस्त्यावर त्याचा काही उपयोग नव्हता, होडी डांबरावर ढिम्म होती. पण मी इतक्या तावातावाने सांगत होतो की ते कंटाळून दोन शिवायला तयार झाले.

बॅगा जुन्या ताडपत्रीच्या केल्या, बसक्या आणि रुंद. तोंड मोठं, म्हणजे आत हात घालून न बघता औषध सापडावं. तोंडाची गुंडाळी करून वर पट्टा, गुंडाळीला आतून ट्यूबच्या रबराची पट्टी, म्हणजे पाणी शिरत नाही. आणि खांद्याला लावायला रुंद पट्टे, कारण पाणी ओसरल्यावर काठाला गुडघाभर गाळ असतो आणि तिथून बॅग पाठीवरच न्यावी लागते. खाजाभाईंनी त्या रस्त्याच्या नळाखाली धरून पाहिल्या. आत ठेवलेला त्यांचा रुमाल कोरडा निघाला, तेव्हा त्यांनी तो सगळ्या ट्रकवाल्यांना फडकवून दाखवला.

सामानाची निवड मात्र मला एकट्याला करायची होती. निवडायचं म्हणजे मुख्यतः काय सोडायचं ते ठरवायचं. गमबूट सोडले, त्यांनी मला बुडवायचंच बाकी ठेवलं होतं. काचेच्या मोठ्या बाटल्या सोडल्या, औषध लहान प्लास्टिकच्या बाटल्यांत घेतलं. गरम पाण्याचा थर्मास आवश्यक, कारण कांडी कोमट पाण्यात वितळवावी लागते. रेतनाची नळी, हातमोजे, एक ॲप्रन, दोर. एवढं झाल्यावर पुढची बॅग हलकी भरली. मग तिच्यात मी बैलांच्या खच्चीकरणाचा लोखंडी चिमटा टाकला. वजन अगदी बरोबर जुळलं. त्यानंतर तो कायम तिथेच राहिला. उंबरवाडीचे लोक विचारायचे की म्हशीला गाभण करायला येताना हा चिमटा कशाला आणता, आणि मी म्हणायचो, मला सरळ ठेवायला.

उरला कॅन. तो माझ्यासमोर, होडीच्या मधोमध, गुडघ्यांच्या आत ठेवायचा हे ठरलं, कारण होडी मध्यावर सगळ्यात कमी हलते. एसटीत मधल्या सीटवर धक्के कमी बसतात तसंच. पण त्याचं गोल बूड तळावर सरकायचं. खाजाभाईंनी गळ्याला पट्टे लावून दोन्ही काठांना बांधून पाहिला. होडी डुलली की पट्टेच त्याला ओढून वाकडा करायचे. लाकडी खोका केला, तो जड झाला. मी रिकामा कॅन घरी आणून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो.

माझी बायको मालती पाणी भरत होती. "त्याला काय झालं?" तिने विचारलं.

"उभा राहत नाही. बांधला तरी कलंडतो."

"मग बांधता कशाला? मी माठ काय पट्ट्याने बांधून ठेवते का?"

मी माठाकडे पाहिलं. गोल बुडाचा, काठोकाठ भरलेला, आणि खाली चुंबळ. डोक्यावर घागर घेताना बायका कापडाची जी कडी करतात, तीच जाड करून माठाखाली ठेवलेली. मी उठून माठाला धक्का दिला. पाणी हललं, माठ हलला नाही. मालती म्हणाली, "फोडा आता तेवढा." पण तिलाही कळलं होतं. जुन्या गोधडीच्या पट्ट्या घट्ट वळून तिने एक जाड, रुंद चुंबळ केली, होडीच्या तळाच्या आकाराला बसेल अशी. कॅन तिच्यात असा बसला की काढताना जोर लावावा लागला. मी तिला तिथल्या तिथे म्हणालो, की दवाखान्याला जे जमलं नाही ते तू केलंस. ती म्हणाली, "ते राहू द्या, माठ भरा."

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी गयाबाईंचा फोन आला. वाडीत एकाच टेकाडावर रेंज येते, त्या चढून गेल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. "चांदीनं सकाळी घास टाकला. शेपटी धरून राह्यली. आज बराबर हाय, डाक्टरसाहेब. या."

सकाळी दिसलेला माज ऐन भरात यायला संध्याकाळ होते, म्हणून निघायची वेळ दुपारनंतरची, आणि दुपारनंतर फुगवट्यावर पश्चिमेचा वारा सुटतो. त्या दिवशी जरा जास्तच होता. पाणी कातरून निघाल्यासारखं दिसत होतं. मासेमारीवाले तराफे काठाला ओढून बसले होते. माझ्याकडे बघून त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आज पुन्हा धूर का?" मी सामान मांडायला लागलो. पुढची बॅग पुढे, मागची मागे, कॅन चुंबळीत, चुंबळ गुडघ्यांत. पाय अनवाणी. बसलो आणि वल्हं मारलं.

मध्यावर गेल्यावर एक लाट आडवी आली आणि होडी एवढी कलली की काठावरून पाणी आत माझ्या मांड्यांवर आलं. मी वल्हं सोडून कॅन धरणार होतो, हात उचललाही होता. पण कॅन जागचा हलला नव्हता. बॅगा तळाशी बसल्या होत्या, आणि होडी स्वतःहून सरळ झाली. मग मी कॅनकडे बघणं सोडून दिलं आणि पलीकडच्या लाल ठिपक्याकडे बघत वल्हं मारत राहिलो. मागून काठावरून कोणी तरी शीळ वाजवली. चेष्टेची नव्हती, एवढं मला कळलं.

काठाला गाळ होता. बॅगा पाठीवर, कॅन हातात, असा मी गयाबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा उन्हं कलायची होती. दिगंबर तिथेच होता. पिकअपचं मागचं फळकं खाली सोडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

"वेळात आलो का?" मी विचारलं.

"तुमीच पाहा," तो म्हणाला आणि चांदीला धरायला पुढे झाला.

माज ऐन भरात होता. कांडी कोमट पाण्यात टाकली, पुसली, नळीत भरली. असं काम मी हजारो वेळा केलं असेल, पण त्या दिवशी माझा हात पहिल्या दिवसाच्या नवख्यासारखा जपून चालला. झाल्यावर चांदीच्या पाठीवर थाप मारली. गयाबाईंनी विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "माझं झालं. आता तिचं." दिगंबरने पिकअपचं फळकं वर केलं आणि कडी लावली.

तीन आठवड्यांनी ती उलटली नाही. पण मुका माज असतो, म्हणून मी खात्री धरली नाही. आणखी दोन महिन्यांनी तपासायला गेलो. हे तपासणं म्हणजे मागून हात घालून गर्भाशय चाचपायचं, डोळे बंद करून, फक्त बोटांनी. अंगणात शेजारपाजारचेही जमले होते. माझ्या बोटांना आधी नुसतं भरलेलं, ताणलेलं गर्भाशय लागलं, आणि त्याच्या आत काहीतरी हललं, पाण्यातल्या लहान दगडासारखं. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. खरं तर तपासणी संपली होती, पण हात काढवेना.

"काहून गप हायत?" गयाबाई म्हणाल्या. "सांगा ना."

"मावशी, गव्हान फिटली," मी म्हणालो.

त्या चांदीच्या मानेला मिठी मारून रडल्या. दिगंबर उठून आत गेला आणि स्वतः चहा करून घेऊन आला. चहात साखर फार होती. मी दोन कप प्यालो.

त्यानंतर त्या होडीने किती कामं केली याला गणती नाही. पाण्याच्या पलीकडच्या सगळ्या वाड्यांवर मी वेळेत जायला लागलो. गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. एकाने होडीत बोकड घालून न्या म्हणून हट्ट धरला. बोकडाचा तोल आमच्या कोणाच्याच शास्त्रात बसत नव्हता, पण त्याला ते पटायला अर्धा दिवस लागला. एका पाटलांनी फक्त वगार, म्हणजे मादी पारडूच, होईल असं इंजेक्शन द्या म्हणून दवाखान्यात ठाण मांडलं. मासेमारीवाले बसक्या ताडपत्रीच्या बॅगा शिवून घ्यायला वारंगा फाट्याला जायला लागले, आणि खाजाभाई प्रत्येकाला मी डांबरावर वल्हं कसं मारलं ते करून दाखवायचे. एक सल मात्र राहिली. होडी मिळण्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्याच वाडीतला एक बैल पोटफुगीने गेला. मी वळशाच्या रस्त्यावर चिखल तुडवत होतो तेव्हा तो गेला. त्याच्या मालकाने मला कधीच बोल लावला नाही. पण गव्हाणीकडे जरा आधी नीट पाहिलं असतं तर, हे अजूनही मनात येतं.

आता मी निवृत्त आहे. पण ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो दिवस अजून सांगायचा राहिला.

पुढच्या पोळ्याच्या आसपास गयाबाईंचा फोन आला. चांदी व्याली होती, पण वार, म्हणजे गर्भावरचं वेष्टन, पडत नव्हती. कांड्यांचं काम नव्हतं, म्हणून कॅन दवाखान्यातच ठेवून मी दोन बॅगा घेऊन निघालो. चुंबळ होडीत होतीच, तिला मी कधीच काढत नसे. पोचेपर्यंत वार पडलीही होती. माझ्यासाठी काही कामच उरलं नव्हतं. अंगणात एक ओली, काळीभोर वगार आपल्या चारी पायांवर कशीबशी उभी होती आणि आईला ढुशा देत होती. चांदीसमोर विटांची, सिमेंटची नवी कोरी गव्हाण बांधलेली होती.

"कोनी बांधली?" मी विचारलं.

"म्या," दिगंबर म्हणाला. "आता ही न्यायची न्हाई तुमी. हिला टेम्पो बी पुरनार न्हाई."

निघताना गयाबाईंनी पितळी चरवी आणली. आत पहिल्या धारेचा चीक, पिवळाधमक, काठोकाठ. पहिला चीक वगारीच्या पोटात गेल्यावरच हा काढला होता, ते मी आधी विचारून घेतलं. बाहेर वारा सुटला होता आणि आभाळही भरून आलं होतं.

"मावशी, झाकण द्या त्याला," मी म्हणालो. "अन् जरा कमी करा. पानी लई हालून राह्यलं."

"झाकन कशापायी?" त्या म्हणाल्या. "तुमचा तो धुराचा डबा नेता ना बिनझाकनाचा?"

त्या स्वतः काठापर्यंत आल्या, गाळात उतरल्या, आणि वाकून चरवी चुंबळीत बसवली. एकदा हाताने हलवून पाहिली. मग दिगंबरने होडीला धक्का दिला.

मध्यावर पावसाची सर आली. लाटा आडव्या आल्या, काठावरून पाणी माझ्या मांड्यांवर आलं, डोळ्यांत पाणी गेलं. मी वल्हं मारत राहिलो. चरवीवर मी फक्त माझी टोपी उलटी घातली होती, चिकात पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून.

घरी पोचलो तेव्हा मालती दारातच होती. तिने आधी मला वरून खालपर्यंत पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होतो, शर्ट अंगाला चिकटला होता, पायाला मांडीपर्यंत गाळ. "बुडालात की काय पुन्हा?" ती म्हणाली.

मी चरवी तिच्या हातात दिली. तिने टोपी उचलली. चीक जिथपर्यंत गयाबाईंनी भरला होता, तिथपर्यंतच होता.